पाळक गेले, आता कॉफी कोण करणार?

(या महिन्यात अमेरिकेतल्या चर्चबद्दलची तीन पत्रं एकदम आली, म्हणून तीच घेतलीत. बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात नक्की.)

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. आम्ही मूळचे नगरचे, गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत. जवळपास मराठी उपासना नाही म्हणून घराशेजारच्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चला जायला लागलो आणि तिथलेच होऊन गेलो. आमचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, चौदा वर्षं होते, ते मे महिन्यात रिटायर झाले आणि तेव्हापासून सगळं विस्कटल्यासारखं वाटतंय. दर रविवारी वेगळाच पाद्री, कधी तोही नाही, मग मंडळीतलीच एक बाई मॉर्निंग प्रेयर घेते, त्या दिवशी प्रभुभोजन नाही. उपासनेनंतरच्या कॉफी अवरला पूर्वी उभं राहायला जागा नसायची, आता पंधरा-वीस डोकी. आमच्याकडे पाळकांची बदली झाली की थोड्या दिवसांत नवे पाळकसाहेब सामानासकट हजर, इथे म्हणे वर्ष-दीड वर्ष लागेल! बिशपसाहेब कुणाला पाठवत का नाहीत? त्यात मला नवे रेक्टर शोधायच्या सर्च कमिटीवर ये म्हणतायत. मिस्टर म्हणतात कशाला पडतेस त्यात, त्यांना फोटोत एक साडी हवीय म्हणून घेतायत तुला. आणि मुख्य म्हणजे मुलीचं लग्न ऑक्टोबरात आहे, तिला जुन्याच रेक्टरांच्या हातून हवंय, ते वीस मिनिटांवर तर राहतात, पण फोन केला तर गोड बोलून नाही म्हणाले. फार लागलं आम्हाला ते. काय करू?

उत्तर : आधी लग्नाचं, कारण ते दुखणं ताजं आहे. तुमचे रेक्टर बरोबर वागले हो. वाईट वाटलं असणार त्यांनाही, लहानपणापासून बघितलेली मुलगी आहे. पण रेक्टर गेला की त्या मंडळीतली लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी हे सगळं त्याने सोडायचं असतं, बहुतेक डायोसिसमध्ये (बिशपच्या प्रांतात) तसा लेखी नियमच असतो. आमच्या जुन्या चर्चमध्ये हे पाळलं गेलं नव्हतं. निवृत्त झालेले पाद्री प्रेमळ होते, लोक फोन करायचे आणि ते यायचे, अंत्यविधीला यायचे, हॉस्पिटलात यायचे, आणि नवीन आलेल्या बिचाऱ्या तरुण पाद्र्याला दोन वर्षं कुणी आपलं म्हटलंच नाही, शेवटी तो निघून गेला. वाईट कुणीच नव्हतं त्यात, हेच तर.

म्हणून त्यांना परत फोन करू नका. सीनिअर वॉर्डनला, म्हणजे मंडळीतल्या मुख्य कारभाऱ्याला सांगा, इंटरिम (नवे येईपर्यंतचे हंगामी) पाद्री असतील तर वॉर्डन त्यांना विचारतील, नाहीतर बिशप ऑफिसला, तिथून परवानगी आली तर जुन्या रेक्टरांना बोलावता येतं, मुख्य विधी दुसऱ्याने करून त्यांनी एखादी प्रार्थना म्हणायची असंही होतं कधीकधी. नाही आली परवानगी तर मग नाही. पण हे आजच करा. लग्नाआधी पाद्र्यांबरोबर बसायचं असतं, निदान 30 दिवस आधी कळवायचं असतं, आणि एका रविवारपुरता आलेला सप्लाय पाद्री हे अंगावर घेणार नाही.

आता बिशप पाठवत का नाहीत. तुम्ही सीएनआयच्या सवयीने बघताय. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली त्यात अँग्लिकन मंडळ्याही होत्या, म्हणजे घराणं एकच, पण आपल्याकडे डायोसिस पाळकाची नेमणूक करतं आणि डायोसिसच बदली करतं, पास्टोरेट कमिटीने फार तर कुरकुर करायची. अमेरिकेत उलटं, रेक्टर निवडते वेस्ट्री, म्हणजे तुम्ही निवडून दिलेली दहा-बारा माणसं. हे असं का, तर इंग्रजांच्या काळात इथे बिशपच नव्हता! कारभार लंडनच्या बिशपच्या नावाने, आणि लंडन कुठे, व्हर्जिनिया कुठे. तिथल्या वेस्ट्र्यांनी हळूहळू सगळा कारभार आपल्या हातात घेतला, पाद्र्याला कायम न करता वर्षावर्षाच्या बोलीने ठेवायचं, पटलं नाही तर नमस्कार. पहिले अमेरिकन बिशप सॅम्युएल सीबरी, त्यांचा अभिषेक 1784 साली झाला तोही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला. तोवर मंडळ्यांना स्वतः ठरवायची सवय लागून गेलेली होती, ती काही सुटली नाही.

आज बिशपला मत आहे, पण आधी नाव तुम्ही काढायचं. वेस्ट्रीने एक नाव नक्की केलं की मतदानाआधी ते बिशपकडे जातं, त्यांना आपलं म्हणणं कळवायला जास्तीत जास्त 60 दिवस. आणि एकदा रेक्टर झाला की मनात आलं म्हणून काढता येत नाही, त्यालाही वेस्ट्रीच्या संमतीशिवाय राजीनामा देता येत नाही. आपल्याकडे नाही पटलं तर पुढच्या बदलीची वाट बघतो आपण, इथे बदलीच नाही! म्हणून वेळ लागतो. आधी मंडळीचा सर्व्हे, मग प्रोफाइल लिहायचं (आपण कोण, किती, पैसे किती, भांडणं कसली), ते पाद्र्यांच्या रिकाम्या जागांचं बघणाऱ्या चर्चच्या ट्रान्झिशन ऑफिसकडे टाकायचं, मग अर्ज, चौकशा, झूमवर मुलाखती, मग गुपचूप जाऊन एखाद्याचा संदेश ऐकून यायचं. स्थळं बघण्यासारखंच आहे, फक्त मुलीकडची तीनशे माणसं आणि प्रत्येकाला जावई वेगळा हवा. कुणाला तरुण हवा, मुलंबाळंवाला, कुणाला अनुभवी हवा, आणि सगळ्यांना संदेश बारा मिनिटांत संपवणारा.

सर्च कमिटीवर जा. फोटोतल्या साडीचं म्हणाल तर मिस्टर अगदीच चूक नाहीत, असं होतं, मला स्वतःला एकदा असंच घेतलं होतं. पण एकदा खोलीत शिरलात की काय बोलायचं ते तुमच्या हातात असतं. आमच्या प्रोफाइलमध्ये पहिल्या ड्राफ्टला लिहिलं होतं, आमचं चर्च सर्वांचं प्रेमाने स्वागत करतं. मी म्हटलं, मी पहिल्यांदा आले तेव्हा सहा आठवडे माझ्याशी पीस म्हणून हात मिळवण्यापलीकडे कुणी बोललं नव्हतं, हे लिहायचं का? शांतता पसरली. मग ते वाक्य बदललं, आणि जी बाई पुढे रेक्टर म्हणून आली तिने नंतर सांगितलं की तेच वाचून मी अर्ज केला. फक्त एक पथ्य, तोंड बंद. अर्ज केलेले पाद्री आज दुसरीकडे काम करत असतात, तिथे पत्ता लागायला नको, नाव फुटलं की माणूस हातचा जातो. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. (जमेल ना?)

राहिला कॉफी अवर. लोक कमी झाले कारण रेक्टर दारात उभे राहून नावानिशी विचारायचे, आणि आपण ते बघत कॉफी प्यायचो. आता ते कोण करणार? मॉर्निंग प्रेयर घेणाऱ्या त्या बाईंना कमी लेखू नका, प्रभुभोजनाला पाद्री लागतो, मॉर्निंग प्रेयरला लागत नाही, त्यांच्याकडे बिशपचं लायसन्स असेल बहुतेक. वेदीची तयारी करणाऱ्या ऑल्टर गिल्डच्या आज्या बघा, पाद्री असो नसो शनिवारी रुमालांना इस्त्री झालेलीच असते. आजारी माणसाच्या घरी डबा कोण नेतं, फूड पँट्रीची किल्ली कुणाकडे आहे, बॉयलर बंद पडला की ज्युनिअर वॉर्डन कुणाला फोन लावतो, या वर्षात कळेल तुम्हाला हे सगळं. तुम्ही एक करा, एका रविवारी कॉफी अवर तुमच्याकडे घ्या, कांदापोहे आणि आल्याचा चहा. आमच्याकडे मी केलं होतं तेव्हा लोक एक वाजेपर्यंत हलले नाहीत, आणि त्यातल्या निम्म्यांशी मी आठ वर्षांत पहिल्यांदा बोलले. 4 ऑक्टोबरच्या सुमारास सेंट फ्रान्सिसची जनावरांना आशीर्वाद द्यायची उपासना असते, ती यंदा बारगळू देऊ नका, कुत्री घेऊन एरवी न येणारी माणसंही येतात.

नवे रेक्टर आले की त्यांच्या स्वागताच्या उपासनेत मंडळीतली माणसं एकेक वस्तू हातात देतात, बायबल, पाणी, तेल, भाकर आणि द्राक्षारस, आणि चर्चच्या किल्ल्या. किल्ल्या वॉर्डनने द्यायच्या, तोवर हरवू नका म्हणावं. आमच्याकडे आयत्या वेळी गॅरेजची किल्ली दिली होती.

प्रश्न : मी पुण्याची, पंचहौदला पवित्र नाम देवालयात जाते. मुलगा बोस्टनला असतो, त्यांच्या चर्चला कायमचे पाद्री नाहीत, इंटरिम म्हणून एक बाई आल्यात आणि त्याला त्या इतक्या आवडल्यात की त्यांनाच ठेवा म्हणून सही मोहीम चालवतोय. मला काळजी वाटते, हा भांडणं लावून बसायचा.

उत्तर : काकू, काळजी रास्त आहे. इंटरिम हा सहसा त्याच जागेचा उमेदवार नसतो, तसं आधीच ठरलेलं असतं, आणि त्यातच त्याची ताकद असते. ज्याला कायमचं राहायचंय तो जुन्या खजिनदाराला दुखवणार नाही, इंटरिम दुखवू शकतो. सही मोहीम थांबव म्हणावं, त्या बाईंनाच अवघड होईल.

बाई आहेत याचं तुम्ही काही म्हटलं नाहीत ते आवडलं. बोस्टनला तर त्याचं नवलच नाही, बायकांना पाद्री करायचं इथल्या चर्चने 1976 ला मान्य केलं आणि जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांमधली पहिली स्त्री बिशप, बार्बरा हॅरिस, 1989 साली मॅसॅच्युसेट्समध्येच झाली.

आणि एक गंमत, तुमचं पंचहौद मिशन ज्या काउली फादर्स नावाच्या अँग्लिकन संन्याशांचं, त्यांचाच मठ बोस्टनशेजारी केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आहे. मुलाला म्हणावं पेटिशन सोड आणि एखाद्या संध्याकाळी तिथे उपासनेला जाऊन ये. तुमच्या तिथे मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून 1890 साली टिळक-रानड्यांचं केवढं रामायण झालं, प्रकरण पार शंकराचार्यांपर्यंत गेलं. हल्ली त्याच मिशनच्या भाऊबंदांकडे पुण्याचा मुलगा गेला तर बातमीसुद्धा होणार नाही.

प्रश्न : रेक्टर नाहीत तर पगार वाचतोच आहे, मग यंदाचा प्लेज (वर्षाची कबूल केलेली देणगी) आम्ही अर्धा करावा का? नवीन आले की पुन्हा पूर्ण देऊ. (टेक्सासहून)

उत्तर : नका करू. वाचतंय असं वाटतं फक्त. सप्लाय पाद्र्याला दर रविवारचे पैसे आणि प्रवासखर्च द्यावा लागतो, उमेदवारांना भेटीला बोलावायचं तर विमान आणि हॉटेल, आणि पुढे नवीन माणसाचं सामान हलवायचं ते ट्रकभर. शिवाय पूर्ण वेळचा पाद्री म्हणजे पगार, घर, आरोग्य विमा, वर चर्चच्या पेन्शन फंडाला 18 टक्के, हे झेपत नाही म्हणून तर किती मंडळ्या अर्ध्या वेळचा पाद्री घेतात किंवा शेजारच्या चर्चबरोबर वाटून घेतात. आणि प्रोफाइलमध्ये प्लेजचा आकडा छापलेला असतो. उमेदवार फोटो नंतर बघतो, आधी ते पान उघडतो.