पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो का?

प्रश्न: रंकाळ्याजवळ आमच्या दारात मोठा पिंपळ आहे. आज्जी म्हणते रात्री झाडाखाली झोपू नको आणि व्हॉट्सॲपवर येतं की पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो. खरं काय?

उत्तर: व्हॉट्सॲपवालं चुकीचं आहे बघा, ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच, मग झाड पिंपळाचं असो नाहीतर वडाचं, आणि रात्री झाडं आपल्यासारखीच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात पण तो इतका थोडा की उघड्या हवेत लगेच पांगतो, त्यामुळं आज्जींना सांगा घाबरायचं काही कारण नाही. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, हवेची बहुतेक ये-जा तिथूनच. मे महिन्यात भर दुपारी पाणी वाचवायला झाड ती बरीचशी मिटून घेतं, मग उजेड असूनही ऑक्सिजन तयार करायचं काम मंदावतं. बुंध्याभोवती काँक्रीट मात्र अजिबात करू देऊ नका, मुळांनाही हवा लागते.