गायरान लीजवर गेलं, आता मेंढरं कुठं न्यायची?

वाचकांचे प्रश्न : जमीन आणि चराई

प्रश्न : आमच्या गावच्या माळावर (अथणी तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक) आजोबांच्या आधीपासून मेंढरं चरत आली. आता सौर प्रकल्पाला लीज मिळाली म्हणून तिथं खांब रोवलेत. इतक्या वर्षांच्या वहिवाटीला काहीच किंमत नाही का?

उत्तर : किंमत आहे. पण किती, ते माळ सरकारी दप्तरात कोणत्या नावानं लागलाय त्यावर ठरतं. म्हणून आधी त्या सर्व्हे नंबरचा पहाणी उतारा (कर्नाटकातला सात-बारा) काढा आणि ९ नंबरचा रकाना बघा. तिथं ‘सरकारी गायरान’ किंवा ‘गोमाळ’ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘अरण्य’ असेल तर कायदाच वेगळा (पुढचा प्रश्न वाचा). नुसती ‘सरकारी पड’ असेल तर मात्र वाट अवघड आहे.

गायरान म्हणजे कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ७१ खाली गावच्या जनावरांसाठी राखून ठेवलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. किती राखायची, ते १९६६ च्या नियमावलीतल्या नियम ९७ मध्ये आहे : दर १०० जनावरांमागे १२ हेक्टर. समजा गावात ४०० जनावरं आहेत. म्हणजे ४८ हेक्टर, सुमारे ११८ एकर गायरान हवं. गावाकडे ६० हेक्टर असेल आणि त्यातलं २० लीजला गेलं, तर उरतं ४०. आठ हेक्टरची तूट पडली. गावाला लागून पुरेसं जंगल असेल तर हे प्रमाण कमी करता येतं, पण अथणीच्या कोरड्या पट्ट्यात ती सबब टिकणं कठीण.

आता माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात चार कागद नाव घेऊन मागा : गायरान कमी केल्याचा आदेश, जनावरांच्या संख्येचा हिशेब, जागेचा पंचनामा आणि लीजचा नकाशा. ‘लीजची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर हाती फक्त लीजची प्रत पडते आणि खरा कागद फाईलमध्येच राहतो. अर्ज कन्नडमध्येही लिहून द्या. भाषेच्या हक्काचं भांडण आपल्या जागी योग्यच आहे, पण इथं एकेक दिवस मोलाचा आहे.

सगळ्यात बारकाईनं बघायचा तो हिशेब. पशुगणनेचा कोणत्या सालचा आकडा धरला? मेंढरं-शेळ्या कशा मोजल्या? मोजणीच्या वेळी वाडे (कळप घेऊन फिरणारी मेंढपाळ कुटुंबं) बाहेर चरायला गेलेले असतील, तर गावाच्या आकड्यात मेंढरं दिसतच नाहीत आणि कागदोपत्री गायरान ‘जास्तीचं’ ठरतं. तसं झालं असेल तर लोकरीची विक्री, लसीकरणाची नोंद, मेंढी सोसायटीचे दाखले जोडून तहसीलदार आणि जिल्हाधिकारी दोघांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर हरकतीचं वजन वाढतं.

दुसरी गोष्ट, गाव नकाशा घ्या आणि कुंपणाच्या कडेनं चालत जा. लीजपेक्षा जास्त जागा घेरली आहे का? तशी शंका आली तर सरकारी मोजणी मागा. नकाशातली पायवाट किंवा पाणवठ्याकडची गाडीवाट आत गेली आहे का? सार्वजनिक वाटेवरचा हक्क संपवायचा तर कलम ६८ प्रमाणे आधी जाहीर नोटीस काढून हरकती ऐकाव्या लागतात. अख्खी लीज रद्द होणं लांबचं काम आहे. ओढ्याकडची वाट मात्र त्या मानानं लवकर मोकळी होऊ शकते, आणि उन्हाळ्यात कळप तिच्यावरच जगतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील कर्नाटक अपिलीय न्यायाधिकरणात जातं. रिट करायची तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. दिवाणी दावा लावायचा तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तातडीची गरज असेल तर नोटिशीशिवाय दाव्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. दावा एकट्याच्या नावानं न लावता सगळ्या मेंढपाळांच्या वतीनं लावा. चराई ही रूढी गावाची आहे, एका घराची नाही, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मध्ये गावच्या रूढीतून आलेल्या चराईचंच उदाहरण दिलेलं आहे.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले गवळी-धनगर. म्हशी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात चरतात. आता अभयारण्य आहे म्हणून अडवतात. आम्ही अनुसूचित जमातीत नाही, मग वनहक्क मिळेल का?

उत्तर : मिळू शकतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि फिरस्त्या, दोन्ही पशुपालकांच्या चराईचा हक्क नावानिशी आहे. भीमगडसारखं अभयारण्य त्यातून वगळलेलं नाही. जमातीत नसलेल्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलावरचं राहणं आणि अवलंबून असणं दाखवावं लागतं. एकाच तुकड्याचा ७५ वर्षांचा ताबा असा त्याचा अर्थ नाही. तसं सांगून कुणी परत पाठवलं तर नकार लेखी मागा.

पुष्कळ वाडे घराच्या जागेचा वैयक्तिक दावा, म्हणजे नमुना ‘क’, भरतात आणि चराईचा सामूहिक नमुना ‘ख’ भरायचा राहून जातो. मग घर राहतं पण म्हशींना रान उरत नाही. ‘ख’ सोबत एक हातानं काढलेला नकाशा लावा. कोणत्या महिन्यात कुठलं रान, पाणी कुठं, जुनी वाट कुठून, देवाची जागा, स्मशान. पुरावा एकापेक्षा जास्त हवा. बॉम्बे राज्याच्या काळातल्या चराई पासांच्या पावत्या घरातल्या ट्रंकेत असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. सरकारी गॅझेटियरही चालतं, आणि बेळगावचं जुनं गॅझेटियर १८८४ चं आहे.

दाव्यावर ठराव करणाऱ्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया हव्यात. इथंच ठराव बाद होतात, म्हणून सह्या-अंगठे जागेवरच घ्या. पडताळणी पशुपालक हजर असतानाच करायची, असं वनहक्क नियमांतला नियम १२ सांगतो. वाडा बाहेर असताना पथक येऊन गेलं असेल तर फेरपडताळणी मागा. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत तुम्हाला हटवता येत नाही (कलम ४(५)).

प्रश्न : सुगी झाली की आम्ही चिकोडीकडून खानापूरच्या भाताच्या रानात बकरी बसवायला (खतासाठी रात्री शेतात कळप ठेवायला) जातो. तिथल्या गायरानावर आमचा हक्क लागतो का?

उत्तर : नाही. जमीन महसूल कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे गायरान ज्या गावाचं, त्याच गावच्या जनावरांचं. निघण्याआधी पंचायतीची लेखी संमती घ्या. शेतात बकरी बसवताना किती रात्री, किती बकरी, मोबदला धान्यात की रोख, हे शेतकऱ्याच्या सहीनं वहीत लिहून ठेवा. वाटेतल्या जंगलापुरता ‘ख’ दावा मात्र तिथल्या ग्रामसभेत करता येतो, आणि तो भरायला मदत करणं हे वनहक्काच्या जिल्हा समितीचं काम आहे.

प्रश्न : तीस वर्षं चारलं की गायरान आपल्या नावावर होतं, असं ऐकलं.

उत्तर : होत नाही. चराई हा वापराचा हक्क आहे, मालकीचा नाही. त्या समजुतीनं कुणी गायरान नांगरलं तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ९४ खाली दंड होऊन जमीन खाली करावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०११ च्या जगपाल सिंग निकालात सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना बजावलं आहे. आणखी एक सांगायला हवं. कंपनीच्या लीजचा गाजावाजा होतो, पण गायरान तुकड्या-तुकड्यानं संपतं ते ‘बगर हुकूम’च्या (परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन नावावर करून मागण्याच्या) ५०, ५३ आणि ५७ नंबरच्या अर्जांतून. तुमच्या गायरानाच्या सर्व्हे नंबरवर असे किती अर्ज पडून आहेत, हेही त्याच माहिती अर्जात विचारा.