टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात मुलांसाठी विज्ञानाचे गमतीदार प्रयोग करायचे आहेत. कोणते निवडू आणि समजावून किती सांगू?

कोणतेही निवडा, पण मेणबत्ती आणि पेल्याचा प्रयोग यादीत असेल तर आधी हे वाचा.

माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत विज्ञान शिकवण्यात झाली. बेळगावच्या एका केबल चॅनेलनं 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, गप्पा मारायला बोलावलं. परातीत कुंकू कालवलेलं पाणी, मधे पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा उंच पेला पालथा. ज्योत विझली, लाल पाणी सरसर पेल्यात चढलं. निवेदिकाबाईंच्या हातात उत्तर छापून तयारच होतं: ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एकपंचमांश असतो, म्हणून तेवढ्या जागेत पाणी आलं. टाळ्या!

मी म्हटलं, ताई, हे चुकीचं आहे. "असू दे की ओ सर, ब्रेक घ्यायचाय." मी काही ऐकलं नाही. त्याच परातीत तीन मेणबत्त्या लावल्या आणि तोच पेला पालथा घातला. पाणी आधीपेक्षा चांगलंच वर गेलं. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मग हे जास्तीचं पाणी कुणाच्या जागेवर आलं? बाईंना उत्तर सुचेना. कार्यक्रम दाखवला तेव्हा हा तुकडा गायब. टाळ्या मात्र ठेवल्या होत्या.

खरं कारण उष्णता. पेला घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, काही काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी मुख्यतः विझल्यानंतर झपकन चढतं. नुसतं नीट बघितलं तरी दिसतं, पण बघतो कोण! ऑक्सिजन संपतही नाही. हवेतल्या 21 टक्क्यांपैकी 16च्या आसपास शिल्लक असतानाच मेणबत्ती मान टाकते. जो जळतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड येतो. साधारण मेणाचा हिशेब मांडला तर ऑक्सिजनचे 38 रेणू खर्च होऊन कार्बन डायऑक्साइडचे 25 तयार होतात. होणाऱ्या वाफेचं पाणी झालं असं धरलं तरी जळण्यानं होणारी घट दोनएक टक्के. एकपंचमांश कुठून आणता?

हे मी निपाणीकडच्या एका सहकारी सरांनाही कितीदा सांगितलं. त्यांचं एकच पालुपद, "पुस्तकात तसं आहे, उगीच पोरांचे मार्क कशाला घालवता?" पुस्तकाला परात परवडत नाही, आपल्याला परवडते.

तर तुमचा प्रश्न. समजावणं कमी ठेवा, पण प्रयोगाआधी निवेदकाला "काय होईल?" असं विचारा आणि त्याला चुकू द्या. त्यातच सगळी मजा आहे. कॅमेऱ्याला रिकामा डबा चेपण्याचा प्रयोग आवडतो: कोल्ड्रिंकच्या पत्र्याच्या डब्यात चमचाभर पाणी उकळा, वाफ भरली की चिमट्यानं धरून गार पाण्यात उपडा घाला. आतल्या वाफेचं पाणी होतं, फाटकन आवाज होतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं डबा चुरगळतो. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच, हवेचा दाब आठेक टक्के कमी, तरी तो झकास चेपतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा तो फेसाचा हत्ती-टूथपेस्ट सगळ्यांना हवा असतो. मला आवडत नाही. फेस बघून पोरं ओरडतात, प्रश्न कुणी विचारत नाही. करायचाच असेल तर औषधाच्या दुकानातलं पातळ पेरॉक्साइड, यीस्ट आणि साबण एवढ्यावर भागवा. तीस टक्क्यांचं आणू नका, कातडी भाजते.

पाण्यात रंग घाला, नाहीतर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. एसीचा झोत टेबलावर येत नाही ना ते आधी बघा. हो, आणि हे शेवटी सांगतोय पण आधी करा: ज्योतीजवळ नायलॉनचा पदर किंवा सजावटीचा पडदा नको, आणि ओली चादर हाताशी ठेवा. कार्यक्रम थेट प्रक्षेपित असेल तर तीन मेणबत्त्या घेऊन जाच. कापता येणार नाही.