नियम मोडलेला सुपरमॅन

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला सुपरहिरोंच्या चित्रपटांचे वेड आहे. गेल्या महिन्यात आम्ही सर्वांनी घरी ‘मॅन ऑफ स्टील’ पाहिला. शेवटी सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो, तेव्हा मुलगा एकदम गप्प झाला आणि रात्री जेवताना म्हणाला, “सुपरमॅन तर कुणाला मारत नाही ना? मग हा आता हिरो कसा?” माझे सासरे म्हणाले, की महाभारतात श्रीकृष्णानेही नियम मोडले, दुष्टांपुढे दुसरा इलाजच नसतो. मुलाचे त्याने समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाने फार नेमके विचारले आहे. झॉडला मारणे आवश्यक होते का, हा एक प्रश्न आणि मारल्यानंतर सुपरमॅन नायक उरतो का, हा दुसरा. आपल्या सासऱ्यांनी पहिल्याचे उत्तर दिले. मुलगा दुसरा विचारत होता.

२०१३ च्या त्या चित्रपटातला प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. रेल्वे स्थानकाच्या भिंतीलगत एक कुटुंब कोपऱ्यात अडकले आहे, झॉडच्या डोळ्यांतून निघणारा तप्त झोत भिंत कापत त्यांच्याकडे सरकतो आहे, सुपरमॅनने मागून त्याचे डोके धरून ठेवले आहे आणि तो त्याला थांबण्याची विनवणी करतो आहे. झॉड थांबत नाही. अशा वेळी एखाद्या पोलिसाने गोळी झाडली असती, तर आपण त्याला दोष दिला नसता. मग सुपरमॅनच्या बाबतीतच मन का अडखळते? पोलिसाने गोळी झाडली की चौकशी होते, पंचनामा होतो, प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. सुपरमॅनला पकडणारी बेडी नाही आणि त्याला कोंडू शकेल असा तुरुंगही नाही. त्याच्यावर एकच अंकुश असतो आणि तो त्याने स्वतःच स्वतःला घातलेला असतो. तो अंकुश सुटताना दिसला म्हणून आपला मुलगा गप्प झाला, असे मला वाटते.

कुणाचा जीव न घेण्याचे हे नियम या पात्रांबरोबर जन्मले नव्हते, हेही त्याला सांगावे. १९३९ मध्ये अवतरलेला बॅटमॅन सुरुवातीच्या कथांमध्ये माणसे मारत असे. १९४० च्या एका कथेत तर तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी त्याच्या हाती बंदूक द्यायला आणि त्याने जीव घ्यायला मनाई केली. नियम संपादकाच्या टेबलावरून आला खरा, पण पुढच्या लेखकांनी तो बॅटमॅनच्या स्वभावातच मुरवला, कारण ज्या मुलाचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत बंदुकीला बळी पडले, त्याने बंदुकीला हात न लावणे हे मनाला पटते.

नियम मोडला गेल्यावर नायक काय करतो, ही माझी कसोटी आहे, आणि तिच्यासाठी २००८ चा ‘द डार्क नाइट’ फार उपयोगी पडतो, कारण त्यात बॅटमॅन दोन तडजोडी करतो. खलनायक जोकरला शोधण्यासाठी तो साऱ्या गॉथम शहराचे मोबाइल फोन चोरून वापरणारे यंत्र उभारतो. ते पाहून त्याचा विश्वासू सहकारी ल्युशियस फॉक्स सरळ सांगतो, की एका माणसाच्या हाती इतकी सत्ता असणे चूक आहे आणि हे यंत्र येथे असेपर्यंत मी येथे राहणार नाही. बॅटमॅनने त्या यंत्राचा ताबा फॉक्सकडेच सोपवलेला असतो. काम संपल्यावर फॉक्स आपले नाव टंकतो आणि यंत्र स्वतःचा नाश करून घेते. जो नाही म्हणू शकतो, त्याच्याच हाती किल्ली देणे, याला मी नायकाचे वागणे म्हणेन. दुसरी तडजोड त्याच चित्रपटाच्या शेवटी आहे. शहराचा सरकारी वकील हार्वे डेंटने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो आणि तो व पोलीस आयुक्त गॉर्डन मिळून डेंटला निष्कलंक ठरवतात. हे बलिदान आहे यात शंका नाही, पण त्यात सगळ्या शहराला खोटे सांगितलेले आहे आणि ते तपासायला कुणी फॉक्स नाही. २०१२ च्या पुढच्या चित्रपटात, आठ वर्षांनंतर, त्याच खोट्यावर उभ्या राहिलेल्या कायद्याने माणसे तुरुंगात खितपत पडलेली आढळतात, आणि गॉर्डनने लिहून ठेवलेली कबुली खलनायक बेन त्या तुरुंगाच्या दारात साऱ्यांना वाचून दाखवतो.

कॉमिक्समध्ये याहून कठोर उदाहरणे आहेत. १९८८ मध्ये जॉन बर्न यांच्या कथेत सुपरमॅन तीन क्रिप्टोनी, म्हणजे त्याच्याच वंशाच्या, गुन्हेगारांना, त्यांची शक्ती आधीच काढून घेतल्यानंतर, त्या वंशाला घातक असलेल्या हिरव्या क्रिप्टोनाइट खनिजाने ठार करतो. त्यांनी दुसऱ्या एका विश्वातली संपूर्ण पृथ्वी निर्मनुष्य केली होती, तरी माझ्या मते ते कृत्य समर्थनीय नव्हते, कारण समोर उभे होते ते निःशस्त्र कैदी. पण पुढच्या कथांमध्ये त्याचे मन त्याला इतके खाते, की स्वतःवरच विश्वास न उरल्याने तो पृथ्वी सोडून अंतराळात निघून जातो. म्हणून त्याला नायक म्हणणे मला अजून जमते. याउलट २००४ च्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’ या कॉमिक्समध्ये जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाचे काही सदस्य एका गुन्हेगाराचे मन जादूने बदलतात आणि बॅटमॅन त्याला विरोध करतो, तेव्हा त्याचीही तेवढी स्मृती पुसून टाकतात. येथे कुणाचा जीव गेला नाही, तरीही हे वीर मला अधिक घसरलेले वाटतात. जाब विचारणाऱ्याच्या मनातला प्रश्नच त्यांनी काढून घेतला.

आता आपल्या सासऱ्यांचा मुद्दा. महाभारताचा आधार त्यांनी योग्यच घेतला, फक्त द्रोणवधाचा प्रसंग पुरता सांगायला हवा. “नरो वा कुंजरो वा” झाल्यावर युद्ध पांडवांच्या बाजूला झुकले, पण भूमीच्या चार अंगुळे वरून चालणारा धर्मराजाचा रथ त्याच क्षणी खाली टेकला. असत्याचा उपयोग झाला म्हणून व्यासांनी तो रथ वर राहू दिला नाही.

‘मॅन ऑफ स्टील’बद्दल माझी तक्रार आहे ती येथेच. मान मोडल्यावर सुपरमॅन गुडघ्यांवर कोसळून जी किंकाळी फोडतो, ती खरी आहे आणि त्या किंकाळीमुळे तो माझ्या लेखी नायकच राहतो. पण चित्रपट लगेच पुढच्या प्रसंगाला जातो. तेथे तो लष्कराचे टेहळणी विमान पाडून जनरलशी बोलतो आहे आणि वातावरण हलकेफुलके झालेले आहे. जे त्याने सोसायला हवे होते, ते आपल्या मुलाच्या वाट्याला आले आणि तो ते जेवणाच्या ताटावर घेऊन बसला. आता त्याला आपणच एक विचारून पाहा : त्या रात्री क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, कॅन्ससला घरी परतला असता आणि आईने दार उघडले असते, तर त्याने तिला काय सांगितले असते?