म्हैस माजावर येईना, मग डबल डोस द्यायचा का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझी पंढरपुरी म्हैस दिवाळीच्या नंतर व्याली, आता उन्हाळा निम्मा सरला तरी माजावर येईना. गावातले डॉक्टर म्हणाले मेंदूत तयार होतं तेच हार्मोन इंजेक्शनमधून देतो, मधी सातव्या दिवशी दुसरं औषध, मग परत पहिलंच. मेंदूचा आन गाभण राहण्याचा काय संबंध? आणि एकदम डबल डोस दिला तर काम लवकर होईल ना? – एक पशुपालक, सांगोला तालुका

उत्तर : दादा, डबल डोसचं आधी सांगतो, नको. कारण या हार्मोनचं सगळं काम किती दिलं यापेक्षा कधी आणि किती किती वेळानं दिलं यावर चालतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो, तिथल्या मोजक्या पेशी (उंदरात तर हजारभरही भरत नाहीत) जीएनआरएच नावाचं पेप्टाइड सोडतात, म्हणजे फक्त 10 अमिनो आम्लांची साखळी. ते खालच्या पिट्यूटरी ग्रंथीत पोचलं की तिथून एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन रक्तात येतात, ती अंडाशयापर्यंत जातात आणि मग बीज वाढतं, फुटतं, माज दिसतो. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूचे लाखो तुकडे कत्तलखान्यातून गोळा करून शॅली आणि गिलमाँ या शास्त्रज्ञांच्या दोन टीमनी हे पेप्टाइड हुडकलं, एकमेकांशी चुरस करत बरं का, आणि 1977 चं नोबेल दोघांनाही मिळालं.

आता खरी गंमत. 1978 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल या शास्त्रज्ञाच्या टीमनी माकडिणींवर प्रयोग केला, त्यांच्या मेंदूतला जीएनआरएचचा स्रोतच बंद केला होता. मग ते बाहेरून दिलं. तासाला एकदा फक्त सहा मिनिटं दिलं तर एलएच-एफएसएच परत सुरू झाले, आणि तेच न थांबता सलग देत राहिले तर दोन्ही पार खाली गेले! दारावर टकटक केली तर माणूस उघडतो, बेल दाबूनच धरली तर वैतागून वायर काढून टाकतो, तसं पिट्यूटरी आपले रिसेप्टरच, म्हणजे हार्मोनचा निरोप पकडणाऱ्या जागाच, आत ओढून घेते.

तुमच्या म्हशीचं म्हणाल तर हायपोथॅलॅमसला ही टकटक करायला लावणारं अजून एक पेप्टाइड आहे, किसपेप्टिन. जनावराला पोटभर मिळतंय का, अंगावर मांस आहे का, ही खबर बऱ्यापैकी त्याच्याच मार्फत आत जाते. म्हैस व्याल्यावर दुधाला सगळी ताकद लावते, वैरण-पेंड कमी पडली की अंग खाली उतरतं आणि मेंदू टकटक मंद करतो, आत्ता पुढचं वासरू परवडणार नाही असा त्याचा हिशोब. पारडू सारखं पीत असलं तरी तसंच होतं. त्यात म्हैस दिवस लहान होताना जास्त माजावर येणारी, उन्हाळ्यात मोठे दिवस आणि वर ऊन, त्यामुळं माज आला तरी मुका, ओरडणं नाही की काही नाही, आणि तोही बहुतेक रात्री किंवा पहाटे. आपण झोपलेलो असतो!

डॉक्टरांचा कोर्स ठीकच आहे. पहिल्या इंजेक्शननं वाढलेलं बीज फुटतं, सातव्या दिवशीचं दुसरं औषध, प्रोस्टाग्लँडिन, अंडाशयावरचा जुना पिवळा भाग (बीज फुटल्यावर तिथं राहणारी, पुढचा माज अडवणारी गाठ) संपवतं, साधारण दोन दिवसांनी परत जीएनआरएच आणि मग 16 ते 20 तासांत कृत्रिम रेतन, माज दिसायची वाट बघायची गरजच नाही. पण अंडाशयात बीजच पुरेसं वाढलेलं नसेल तर एक काय दहा इंजेक्शनं दिली तरी फुटणार काय? म्हणून आधी तपासणी करून घ्या, मिनरल मिक्श्चर आणि हिरवी वैरण वाढवा, मगच कोर्सचा खर्च करा.

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात सिंहिणींना पिल्लं होऊ नयेत म्हणून कातडीखाली हार्मोनचा इम्प्लांट बसवतात असं वाचलं. ते हार्मोन म्हणे प्रजनन वाढवणाऱ्या हार्मोनसारखंच असतं. हे उलटं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : वर सांगितलं तेच. डेसलोरेलिन म्हणजे जीएनआरएचचाच जास्त ताकदीचा भाऊ, इम्प्लांटमधून तो महिनोन्‌महिने सलग झिरपत राहतो आणि पिट्यूटरी गप्प होते. एक भानगड मात्र आहे, पहिले काही दिवस उलट जोर येतो, मादी माजावर येऊ शकते, म्हणून तेवढ्या काळात नर वेगळा ठेवतात किंवा आधी दुसरं औषध देतात. हे माहीत नसलं की इम्प्लांट फेल गेला म्हणून ओरड होते.

प्रश्न : आमच्या शेजारचे गवळी रोज ऑक्सिटोसिन टोचून दूध काढतात. ऑक्सिटोसिन म्हणजे मायेचं हार्मोन ना? मग चांगलंच की! – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्धं बरोबर. ऑक्सिटोसिनही मेंदूतच तयार होतं, 9 अमिनो आम्लांचं. पारडू ढुसण्या द्यायला लागलं की ते रक्तात सुटतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत पान्हा येतो, घाबरलेल्या म्हशीत ॲड्रेनलिन हे भीतीचं हार्मोन मधे येतं म्हणून ती पान्हा चोरते. मायेचं काम वेगळ्या ठिकाणी होतं, मेंदूच्या आत. 1979 मध्ये कधीच न व्यालेल्या उंदरीणींच्या थेट मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं तर त्यातल्या कित्येक दुसरीची पिल्लं चाटायला, गोळा करायला लागल्या. मेंढीतही वितानाच्या कळांनी मेंदूत ऑक्सिटोसिन वाढतं आणि ती पुढच्या दोनेक तासांत आपल्या कोकराचा वास पक्का ओळखून ठेवते, नंतर दुसऱ्याचं कोकरू आलं की ढकलून देते.

पण मानेत टोचलेलं इंजेक्शन रक्तातून मेंदूत जवळपास पोचतच नाही. म्हणजे त्यातून माया वगैरे काही नाही, नुसती कास पिळली जाते, आणि रोजची सवय लागली की इंजेक्शनशिवाय जनावर पान्हाच सोडत नाही. शिवाय जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं दूध वाढवायचं इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना सांगा. पारडू दोन मिनिटं सोडा, कास कोमट पाण्यानं धुवा, रोज एकाच वेळी एकाच माणसानं धार काढा, बहुतेक म्हशी एवढ्यावर पान्हावतात.