दादाचा मोमो आणि तुझ्या नूडल्स

मेलबर्न,
आषाढ

चिरंजीव ईरास अनेक आशीर्वाद.

मामीच्या फोनवरून तू पाठवलेला निरोप मी काल रात्री दोनदा ऐकला. प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर फोनवर घाईघाईत देण्यापेक्षा लिहून पाठवावे असे वाटले. अक्षर जुळवून वाचता आले नाही, तर मामी वाचून दाखवील. तुझे म्हणणे थोडक्यात असे: शनिवारी मामाने तुम्हा सर्वांना नागपूरच्या धरमपेठेतल्या एका नव्या हॉटेलात नेले, जिथे थाई, चिनी आणि जपानी पद्धतीचे पदार्थ मिळतात, पण सगळे शुद्ध शाकाहारी. बांबूच्या टोपलीतून वाफाळते मोमो आले. दादाने आपल्या काड्यांनी एक मोमो उचलला आणि मोठ्या हौसेने आजीच्या प्लेटकडे नेला, तेव्हा आजीने प्लेट चटकन बाजूला घेतली आणि म्हणाली, "उष्टं काय करून राहिला, बाप्पा? वाढायला डाव मागव." दादाचा चेहरा उतरला. पुढे तुझे पोट भरले आणि निम्म्या नूडल्स प्लेटमध्ये राहिल्या, तेव्हा त्याच आजीने तुझी प्लेट स्वतःकडे ओढली आणि त्या नूडल्स संपवल्या. म्हणून तू विचारतेस, "आजीला दादाची किळस येते आणि माझी येत नाही का?"

किळस कोणाचीच नाही. परंतु आजीने वापरलेला शब्द तुला ओळखीचा नसल्यामुळे तुझा घोटाळा झाला आहे, आणि तो दोष माझा आहे. आपल्या मेलबर्नच्या घरात मी उरलेल्या सगळ्याच अन्नाला एकच इंग्रजी शब्द वापरते. आजीच्या स्वयंपाकघरात त्यासाठी तीन शब्द आहेत आणि ती त्यांची कधीही सरमिसळ करत नाही. काल केलेला आणि पातेल्यातच राहिलेला भात हा शिळा. त्याला सकाळी कांदा-मिरचीची फोडणी दिली की तो फोडणीचा भात होतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. ज्याला कोणाचे तरी तोंड लागले, किंवा तोंडात गेलेला हात वा चमचा लागला, ते उष्टे. आणि शिजलेले अन्न जिथे सांडले, माखले, चिकटले, ती जागा, ते भांडे, तो हात खरकटा. जेवून उठल्यावर "हात खरकटा आहे, दाराची कडी तू काढ" असे आजी तुला म्हणाली असेल, ते यामुळेच.

हा नियम आम्हाला कोणी बसवून शिकवला नाही. पाण्याचा तांब्या ओठांना न लावता वरून धार धरून प्यायचा, हे चारचौघांत पाहूनच आले. शाळेत चिक्कीचा एकच तुकडा असला आणि मैत्रिणी तिघी असल्या, तर तो फ्रॉकच्या घेरात गुंडाळून कापडावरून दाताने फोडायचा; याला आम्ही चिमणीच्या दाताने तोडणे म्हणत असू. कापड मध्ये असल्यामुळे चिक्की उष्टी झाली नाही, असा तो हिशेब. फ्रॉक दिवसभर कुठे कुठे लोळलेला असे, याचा विचार कोणीच करत नसे. त्यावरून तुझ्या ध्यानात येईल की ही केवळ स्वच्छतेची गोष्ट नव्हे. माझे तोंड लागलेले तुला देऊ नये, ही अदब आहे. पेरू वाटायचा तर सुरी तरी लागते किंवा चिमणीचे दात तरी, पण आपल्या नागपूरच्या संत्र्याला ही अडचणच नाही, कारण ते मुळात फोडी-फोडींनीच बनलेले असते. आजी पाहुण्यांपुढे संत्रीच का ठेवते, यामागे हेही एक कारण असावे असा मला बालपणापासून संशय आहे.

आता त्या टेबलाकडे वळू या. आपल्या पंगतीत अन्न तुझ्याकडे चालत येते. तू पानावर बसलेली असतेस आणि वाढणारा येऊन पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, आमटी आणि मध्ये भात वाढून जातो. वाढायचा डाव भांड्यातून निघतो, पानापासून वीतभर उंचीवर थांबतो आणि पुन्हा भांड्यात जातो. तो कोणाच्या तोंडाजवळ जात नाही आणि कोणाच्या पानाला टेकतही नाही. घरी चौघेच जेवायला बसले आणि वाढायला कोणी नसले, तर जेवणारा डाव्या हातात डाव घेतो, कारण उजवा हात उष्टा झालेला असतो. एरवी कोणाला काही डाव्या हाताने दिले तर ओरडणारी आजी जेवताना मात्र "डाव्या हातानं घे" असे का बजावते, हा प्रश्न तू मला मागच्या दिवाळीत विचारला होतास. त्याचे उत्तरही यातच आले. मामाने नेलेल्या हॉटेलात ही सगळी व्यवस्था उलटी होते. तिथे अन्न मध्यभागी स्थिर असते आणि माणसांचे हात त्याच्याकडे जातात. ज्या काड्या दादाने क्षणापूर्वी तोंडात घातल्या होत्या, त्याच टोपलीत गेल्या आणि तिथून आजीच्या प्लेटकडे निघाल्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने इतकी वर्षे पाळलेली सवय अशा वेळी विचार करून प्रकट होत नाही; प्लेट आपोआप मागे सरकते.

तुला याहून महत्त्वाचे वाटेल ते असे की, ज्या देशांचे पदार्थ त्या टेबलावर होते, तिथल्या एखाद्या आजीलाही दादाचा तो मोमो खटकला असता. थायलंडमध्ये मध्ये ठेवलेल्या प्रत्येक पदार्थासोबत वाढण्याचा वेगळा चमचा ठेवण्याची रीत आहे. त्याला 'चॉन क्लांग', म्हणजे मधला चमचा, असे म्हणतात. शिवाय तिथे भात आणि रस्सा चमच्यानेच खातात, काड्यांनी नाही. त्यामुळे थाई करी आल्यावर आजीने काड्या बाजूला सारून चमचा मागितला, हे गावंढळपणाचे नव्हते, थाई रीतीला धरूनच होते. चीनमध्ये पुष्कळ ठिकाणी सर्वांसाठी म्हणून वेगळ्या काड्या ठेवतात. त्यांना 'गोंगक्वाय' म्हणतात. जपानमध्ये तर एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणे अशुभच मानतात, कारण तिथे अंत्यसंस्कारानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलतात आणि त्या अशाच एकाकडून दुसऱ्याकडे दिल्या जातात. आपल्याकडे अस्थी सावडायला जातात, तसेच हे. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत, हाही नियम तिथे मृताला अर्पण करायच्या भातामुळेच आहे. तेव्हा चूक कुठे झाली असेल, तर ती हॉटेलवाल्यांची: तीन देशांचे पदार्थ एकत्र आणताना त्या तिन्ही देशांना ठाऊक असलेला वाढायचा चमचा तेवढा ते स्वयंपाकघरात विसरले. आजीने नेमका तोच मागितला.

वेटरला तिने आणखी बरेच प्रश्न विचारले आणि मामा खाली मान घालून बसला, असेही तू सांगितलेस. मामाला लाजायचे काही कारण नव्हते. थाई स्वयंपाकात चवीचा पाया मासळीपासून केलेल्या सॉसवर असतो आणि तिथल्या करीच्या वाटणात बहुधा आंबवलेली कोळंबी असते; कोरियातील किमचीतही पुष्कळदा मासळीचा किंवा कोळंबीचा अंश असतो; जपानी सूपचे नेहमीचे पाणी वाळवलेल्या माशाच्या किसातून काढतात. वरून पाहिले तर भाज्याच दिसतात. शाकाहारी स्वयंपाकघर याच्या जागी सोया सॉस, वाळवलेली मशरूम आणि समुद्रातले शेवाळ वापरते आणि चव बरीच जवळ आणते. पण आजीला मासळी दिसते की नाही याच्याशी कर्तव्य नाही. कशाला काय लागले, हे तिला कळायला हवे असते. मोमोच्या बाबतीत तिने जे विचारले तेच सॉसच्या बाबतीतही विचारले. त्यात चातुर्मास सुरू झालेला, म्हणजे आता कार्तिकी एकादशीपर्यंत तिला कांदा-लसूण वर्ज्य. सूपवर भुरभुरलेली हिरवी पात तिने चमच्याने कडेला काढली, ती कांद्याची असणार. जपानमध्ये बौद्ध मठांतून जो 'शोजिन र्योरी' नावाचा स्वयंपाक केला जातो, त्यातही मांस-मासळीबरोबर कांदा आणि लसूण टाळतात; तिथे आजी वेटरला एकही प्रश्न न विचारता जेवली असती.

तिला जेवण आवडले नसेल असे मात्र समजू नकोस. तळलेल्या स्प्रिंग रोलचा पहिला घास घेतल्यावर "ही तर सांबारवडीच, नुसती सांबार घालायला विसरले," असे ती म्हणाल्याचे मामीने मला कळवले. (नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तुला एव्हाना कळले असेलच.) आणि लाल मिरचीचे ते तेल, जे तुला जिभेवर ठेवता आले नाही, ते तिने तीन वेळा मागवले, कारण गोळाभातावर कडकडीत फोडणी ओतून खाणाऱ्या माणसाला ते आपल्या घरचेच वाटते.

राहिला तुझ्या नूडल्सचा प्रश्न. लहान मुलाचे उष्टे आईने आणि आजीने मोजायचे नसते. आईने एक घास स्वतः खावा, एक मुलाला भरवावा, त्याने थुंकलेला पुन्हा स्वतः खावा, असेच आपल्याकडे चालत आले आहे. मीही तिच्या पानातला वरणभात खाऊनच वाढले. त्याहून मोठे कारण असे की पानात अन्न टाकणे तिला सहनच होत नाही. "अन्न हे पूर्णब्रह्म" हे शब्द तुम्ही रविवारच्या मराठी शाळेत डबा उघडण्यापूर्वी म्हणता, ती ते म्हणत नाही, पाळते. रामाने शबरीची उष्टी बोरे खाल्ली ही गोष्ट तिनेच तुला सांगितली आहे ना? ज्याच्यावर माया आहे त्याचे उष्टे चालते. दादावरही तिची तितकीच माया आहे, पण तो आता दहावीत आहे, मिसरूड फुटलेला आहे, आणि तिच्या लेखी ज्याला कळते त्याने रीत पाळायची. तुला अजून सवलत आहे. फार दिवस राहणार नाही.

या रीतीची दुसरी बाजू तुला सांगितली नाही, तर माझे उत्तर अर्धवट राहील. कोणाचे काय लागले, हा विचार घरातल्या ताटापुरता राहिला नाही. काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या उष्टे अन्न देण्यात आले, आणि त्यांचा हात लागला तर पाणी बाटते असे म्हणून त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते यासाठी. मामाने तुला दीक्षाभूमी दाखवली, तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म का स्वीकारला, हे त्याला पुन्हा एकदा नीट विचार. ताटाची अदब आणि माणसाचा विटाळ यांतले अंतर मोठ्या माणसांनाही पुष्कळदा कळलेले नसते.

घरातही सगळे ठीक होते असे नाही. आजीचे लग्न झाले तेव्हा नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच बायकोने जेवायचे अशी पद्धत होती, आणि पहिली काही वर्षे ती तशीच जेवली. पुढे एके दिवशी आजोबा जेवून उठले आणि कोणाला काही न बोलता आपले ताट स्वतः उचलून मोरीत ठेवून आले. पणजी पाहतच राहिली. आजीला त्या दिवशी कपाटातून नवे ताट काढावे लागले, आणि नंतर रोजच. ते ताट अजून आहे; काठाला पोचा आलेले, मागे तिचे नाव कोरलेले. तुला भाकरी ज्यात मिळते ते तेच असेल, उलटे करून पाहा.

दादाला सांग की पुढच्या वेळी त्याने मोमो चमच्याने वाढावा. आजी दोन खाईल. काड्यांनी इतका निसरडा मोमो न पडता उचलणे मला बारा वर्षांत जमलेले नाही, हेही त्याला सांग, म्हणजे त्याचे तोंड जरा हसरे होईल.

आता यापुढचे मामीने मनातल्या मनात वाचावे. मी इथल्या नोकरीत नवी होते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसणाऱ्या एका वयस्कर चिनी बाईंनी आपल्या डब्यातला कोबीचा मोमो स्वतःच्या काड्यांनी उचलून माझ्या झाकणात ठेवला. त्या काड्या त्यांनी नुकत्याच तोंडात घातलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या ऑफिसात तोवर कोणी मला जेवायला बोलावले नव्हते. मी तो मोमो खाल्ला, छान होता असे सांगितले, आणि त्यांनी लगेच दुसरा ठेवला, तोही खाल्ला. आजीला मी हे अजून सांगितलेले नाही, आणि तूही सांगू नकोस.

तुझी,
आई