बिलावरचा पत्ता आणि जाहिरातीची संमती

प्रश्न : दादरला आमचे साड्यांचे दुकान आहे. बिलासाठी घेतलेल्या पत्त्यांवर आम्ही सणासुदीच्या सवलतींचे ई-मेल पाठवतो. पण ते स्पॅममध्ये जातात. आमचे काय चुकते?

उत्तर : बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीसाठी वापरणे, हीच मूळ चूक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती विशिष्ट हेतूसाठी व स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते आणि ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. म्हणून गल्ल्यावर ‘नव्या मालाची माहिती ई-मेलने हवी’ अशी रिकामी चौकट असलेला कागद ठेवा. खूण मात्र गिऱ्हाइकानेच करावी, विक्रेत्याने नव्हे. विकत मिळणाऱ्या याद्यांना तर हातही लावू नका.

ई-मेल दुकानाच्या स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात ‘@’ नंतर दुकानाचेच नाव असलेल्या खात्यावरून पाठवा आणि तेथे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क, म्हणजे ई-मेल खरोखर तुमच्याकडूनच आला आहे हे तपासण्याच्या तीन तांत्रिक पद्धती, यांची व्यवस्था करून घ्या. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ई-मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही, तसेच एका क्लिकमध्ये यादीतून नाव कमी करण्याची सोय, बंधनकारक केली आहे. तुमची संख्या शेकड्यांत असली तरी ही सोय द्याच, कारण नाव कमी करण्याचा दुवा न सापडलेले गिऱ्हाईक वैतागून ‘स्पॅम’चे बटण दाबते आणि त्याचा फटका, ज्यांना तुमचे ई-मेल मनापासून हवे असतात, त्यांनाही बसतो : त्यांचे ई-मेलही स्पॅममध्ये जाऊ लागतात.